जळाराच्या (डासाच्या) पोटातले जंतू: मलेरियावरची ही युक्ती आली कुठून

आमच्या गोव्यातल्या ताळगावात शेजारी एक बिल्डिंग वर्षभर अर्धवट उभी आहे, तिच्या लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलेलं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर आरोग्य खात्याचा माणूस तिथे आला तेव्हा मीपण मागोमाग गेलो. त्याने लांब दांड्याच्या पांढऱ्या भांड्यात पाणी घेतलं, टॉर्च मारला आणि म्हणाला, "हें पळय, आडवें पडलां न्हय, तें मलेरियाचें." खरंच, एक बारीक काडी पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून सपाट पडलेली, आणि बाकीच्या दोन-तीन अळ्या डोकं खाली करून लटकलेल्या. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलीस डासाच्या अळीला श्वासाची नळी नसते म्हणून ती आडवी पडते, क्युलेक्स आणि एडिसच्या अळ्यांना नळी असते म्हणून त्या लटकतात. मग त्याने पिशवीतली पावडर पाण्यात कालवून खड्ड्यात ओतली. ती पावडर म्हणजे बॅक्टेरिया.

हे सांगायचं कारण असं की हल्ली डासातल्या जंतूंनी मलेरिया थांबणार वगैरे फॉरवर्ड फिरतात आणि लोकांना वाटतं ही काल-परवाची आयडिया आहे. तसं नाही, मागे बरीच लांब गोष्ट आहे आणि तिच्यात गोवापण येतो.

सुरुवात रोनाल्ड रॉसपासूनच करावी लागते. 20 ऑगस्ट 1897, सिकंदराबाद. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या पेशंटला तो एका डासाच्या चाव्यामागे एक आणा देत होता, आणि त्याचं रक्त प्यायलेला डास कापल्यावर पोटाच्या भिंतीवर त्याला काळ्या ठिपक्यांच्या गोल पेशी दिसल्या. मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटातून जातो हे तेव्हा कळलं. पण त्याच पोटात बाकी कोण राहतं, त्यांचं आणि या पाहुण्याचं जमतं का, हे विचारायला जवळजवळ शंभर वर्षं गेली.

मधल्या काळात वेगळीच गोष्ट चालू होती. 1924 मधे अमेरिकेत हर्टिग आणि वोल्बाख या दोघांना साध्या क्युलेक्स डासाच्या अंडाशयात एक जंतू दिसला, पुढे 1936 ला त्याचं नाव वोल्बाकिया ठेवलं. बरीच वर्षं त्याचा उपयोग कोणाला कळला नाही. मग लक्षात आलं की वेगवेगळ्या ठिकाणच्या क्युलेक्सची जोडी लावली तर अंडी फुटतच नाहीत, आणि 1967 मधे लावेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने रंगूनजवळच्या ओक्पो गावात असे न जमणारे नर सोडून तिथले क्युलेक्स जवळजवळ संपवले. यामागे वोल्बाकिया आहे हे 1971 ला सिद्ध झालं.

आपल्याकडे यानंतर जे झालं ते फारसं कोणी सांगत नाही. सत्तरच्या दशकात दिल्लीत डब्ल्यूएचओ आणि आयसीएमआरने डासांच्या जेनेटिक कंट्रोलचं एक युनिट चालवलं होतं, पैसा अमेरिकेचा. सोनीपतमधे नपुंसक केलेले एडिस नर सोडायची तयारी झाली होती, तेवढ्यात पेपरात आणि संसदेत ओरड झाली की हे जैविक युद्धाचं संशोधन आहे, आणि 1975 मधे सगळं गुंडाळलं. माझं मत विचाराल तर शंका घेणारे सगळे मूर्ख नव्हते, लोकांना नीट न सांगता परदेशी पैशाने डास सोडायला निघाल्यावर दुसरं काय होणार. पण त्यामुळे या विषयाला हात लावायला आपल्याकडे पुढे बरीच वर्षं सगळे कचरत राहिले हेही खरंच.

1975 मधेच पुदुच्चेरीत आयसीएमआरचं व्हीसीआरसी, म्हणजे रोग पसरवणाऱ्या कीटकांवरचं संशोधन केंद्र, सुरू झालं, आणि पुढच्या वर्षी, 1976 ला, इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात मेलेल्या अळ्यांच्या खचात बीटीआय सापडलं. म्हणजे ती खड्ड्यातली पावडर. हा बॅक्टेरिया प्रोटीनचे खडे बनवतो, अळी ते खाते, तिच्या आतड्यातल्या अल्कलीत खडे विरघळतात आणि आतडं फाटतं. पाण्यातल्या मासळीला त्याने काही होत नाही, माणसांनाही नाही. वाईट एवढंच की तो खाली बसतो, उन्हाने मरतो, आणि थोड्या दिवसांनी परत ओतावा लागतो.

गोव्याला याची गरज का पडली तर बांधकामांमुळे. तसं साथींचं आणि गोव्याचं नातं जुनं, जुनं गोवें ओस पडलं त्यात रोगराईचा मोठा वाटा, 1759 ला व्हाइसरॉय पणजीला राहायला आला आणि 1843 ला पणजी अधिकृत राजधानी झाली. पण आत्ताचा मलेरिया त्याचा वारस नाही. तो आला ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत पणजीत, स्लॅबवर क्युरिंगसाठी साचवलेलं पाणी, उघड्या टाक्या, विहिरी, आणि त्यात वाढणारा ॲनोफिलीस स्टीफेन्साय. हा शहरी डास आहे, स्वच्छ पाण्यात, माणसाच्या शेजारी राहतो. मलेरिया रिसर्च सेंटरच्या इथल्या फील्ड स्टेशनने नव्वदच्या दशकात बांधकामांवर आणि पडीक टाक्यांमधे बीटीआय वापरून बघितलं, सोबत ॲप्लोकायलस ब्लॉकी हा इवलासा मासापण. म्हणजे डीडीटीची फवारणी सोडून जंतू आणि मासे, हे गोव्यात तीसेक वर्षांपूर्वी झालेलं आहे.

पण बीटीआय डासाला मारतो. खरी गंमत पुढची आहे, डास जिवंत ठेवायचा आणि त्याच्या पोटात मलेरिया रुजू द्यायचा नाही.

आकडे बघितले तर हे का शक्य आहे ते कळतं. पेशंटच्या रक्तातून डासाच्या पोटात परजीवी हजारोंनी जाऊ शकतात, पण आतड्याची भिंत ओलांडून गाठ धरतात ते बहुतेक वेळा चार-पाच, कधी एखादाच. पुढे त्या एका गाठीतून हजारो स्पोरोझॉइट, म्हणजे माणसाला लागण करणारी परजीवीची पिल्लं, निघतात आणि दहा-बारा दिवसांनी लाळेत पोचतात. म्हणजे सगळ्यात चिंचोळी वाट आतड्यातच आहे, आणि नेमक्या त्याच वेळी रक्त पोटात गेल्यामुळे तिथले बॅक्टेरिया प्रचंड वाढतात. नव्वदच्या दशकात प्रयोगांत दिसलं की काही बॅक्टेरिया असले की परजीवी वाढत नाही, आणि डासाला अँटिबायोटिक देऊन पोट साफ केलं की उलट जास्त वाढतो. 2015 मधे तर असंही दाखवलं की माणसाने घेतलेलं अँटिबायोटिक रक्तातून डासात गेलं तर त्या डासात मलेरिया पसरवायची ताकद वाढते. वाचून मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

2011 ला जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांना झांबियातल्या डासात एक एन्टेरोबॅक्टर सापडला, तो ऑक्सिजनचे जहाल रेणू सोडून परजीवीला आतड्यातच मारतो. दुसऱ्यांनी पँटोइया, सेराशिया असे बॅक्टेरिया घेऊन त्यांच्यात परजीवीविरोधी प्रोटीनची जीन घातली, लॅबमधे छान चाललं, पण जीन बदललेला जंतू बाहेर सोडायचा म्हटलं की परमिशनचा डोंगर.

वोल्बाकियाचं काय झालं म्हणाल तर 2009 पर्यंत कळलं होतं की तो एडिसमधे घातला की डेंग्यूचा व्हायरस वाढत नाही, 2011 ला ऑस्ट्रेलियात असे डास सोडले, आणि इंडोनेशियाच्या योग्यकर्तातल्या ट्रायलमधे डेंग्यू 77 टक्क्यांनी कमी झाल्याचं 2021 ला छापून आलं. ॲनोफिलीस मात्र दाद देईना, त्याच्यात वोल्बाकिया टिकतच नव्हता. 2013 ला मिशिगनच्या टीमने तो पहिल्यांदा टिकवून दाखवला, आणि कुठल्या डासात, तर आपल्याच स्टीफेन्सायमधे. पण त्या माद्यांची अंडी नीट फुटत नव्हती, आणि अंडी फुटली नाहीत तर तो डास बाहेर पसरणार कसा. 2022 ला पुदुच्चेरीच्या व्हीसीआरसीने वोल्बाकियावाले डास तयार केले तेही एडिस, डेंग्यूसाठी. तेव्हाचे डायरेक्टर अश्वनी कुमार, म्हणजे नव्वदीत गोव्यात बीटीआयचे प्रयोग करणारेच.

अलीकडचे दोन शोध मला जास्त आवडतात कारण दोन्हीत जंतू जसा सापडला तसाच आहे. केनियात व्हिक्टोरिया सरोवराजवळ मायक्रोस्पोरिडिया एमबी, हा बॅक्टेरिया नव्हे, बुरशीच्या गोतावळ्यातला, आईकडून अंड्यात जातो, डासाला त्रास देत नाही आणि मलेरिया अडवतो, 2020 ला जाहीर झालं. दुसरा योगायोगाने सापडला, स्पेनमधल्या एका औषध कंपनीच्या लॅबमधे पाळलेल्या स्टीफेन्साय डासांना मलेरिया होईनासा झाला, सगळे वैतागले, शेवटी पोटात डेल्फ्टिया नावाचा बॅक्टेरिया निघाला. तो हार्मेन नावाचा पदार्थ सोडतो आणि परजीवीची वाढ सुरुवातीलाच थांबवतो, 2023 ला ते 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात आलं, बुर्किना फासोत जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यातही बघून झालं.

स्टीफेन्साय 2012 ला जिबुतीत सापडल्यापासून आफ्रिकेच्या शहरांतही पसरतोय, त्यामुळे आपल्या टाकीतल्या डासाला आता जगभर भाव आहे. गोव्यातही गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) आलेल्या व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियाच्या पेशंटांचं रक्त बाहेर सापडलेल्या आणि लॅबमधे वाढवलेल्या स्टीफेन्सायला पाजून कोणात किती लागण होते ते तपासलेलं आहे, 2018 ला ते छापून आलं.

डेल्फ्टियाची एक अडचण आहे, तो एका डासाकडून दुसऱ्याकडे किंवा अंड्यात जाताना दिसलेला नाही. दर पिढीला बाहेरून द्यावा लागणार, अळ्यांच्या पाण्यातून वगैरे. म्हणजे लिफ्टच्या खड्ड्यापर्यंत दांड्याचं भांडं आणि पिशवी घेऊन कोणीतरी यायचंच आहे, पिशवीत पावडर दुसरी असेल एवढंच.