व्हँपायर स्क्विड

मॉलस्का (मृदुकाय) संघाच्या सेफॅलोपोडा (शीर्षपाद) वर्गातील खोल समुद्रातला प्राणी. शास्त्रीय नाव व्हँपायरोट्यूथिस इन्फर्नालिस. नावात स्क्विड असले, तरी कोकणात माकूल म्हणून विकल्या जाणाऱ्या स्क्विड व कटलफिशपेक्षा तो ऑक्टोपसाला जवळचा मानतात. लांबी सुमारे ३० सेंमी.; रंग तांबूस काळा; अंग बुळबुळीत व मऊ. आठ बाहू पडद्याने जोडलेले असून चूषके (चिकटून धरणाऱ्या वाट्या) टोकाकडच्या अर्ध्या भागातच असतात.

वर्गीकरणातील त्याचे स्थान दीर्घकाळ वादग्रस्त राहिले. जर्मनीच्या ‘व्हाल्डिव्हिया’ या खोल समुद्राच्या शोधमोहिमेतील (१८९८–९९) नमुन्यांवरून प्राणिशास्त्रज्ञ कार्ल कुन यांनी १९०३ मध्ये त्याचे वर्णन केले व त्याला ऑक्टोपसांत बसवले. पुढे एकाच प्राण्याला अनेक नावे पडली. घोटाळ्याचे मूळ परांत (पोहण्याच्या पंखासारख्या अवयवांत) होते : पिलाला परांची एक जोडी असते, वाढताना दुसरी फुटते, काही काळ दोन्ही राहतात आणि मग पहिली जिरून जाते. ही सारी एकाच जातीची रूपे आहेत, हे प्राणिशास्त्रज्ञ ग्रेस पिकफर्ड यांनी दाखवले व १९३९ मध्ये तिला स्वतंत्र गण दिला. खरा पेच मात्र बाहूंलगतच्या खाचांत आखडून घेता येणाऱ्या दोन तंतूंचा. स्क्विडच्या लांब संस्पर्शकांशी त्यांचा संबंध जोडण्यापेक्षा ते बाहूंच्या दुसऱ्या जोडीचे रूपांतर आहेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ऑक्टोपसात हीच जोडी नाहीशी झाली असावी. तंतुकणिकांतील (पेशीतील मायटोकाँड्रियांतील) डीएनएवरून काढलेले काही निष्कर्ष स्क्विडकडे झुकतात; व्यापक जनुकीय पुरावा ऑक्टोपसाच्या बाजूचा आहे. आतले कवच किनाऱ्यावर सापडणाऱ्या समुद्रफेसासारखे चुनखडीचे नसून पातळ, पारदर्शक व पानासारखे रुंद असते. फ्रान्समधील ला व्हूल्त येथील व्हँपायरोनासा हा जीवाश्म याच कुळाकडचा समजतात; काळ मध्य जुरासिक, सुमारे १६.५ कोटी वर्षांपूर्वीचा.

व्हँपायर म्हणजे रक्त पिणारे पिशाच; पण नावाला साजेसे काही तो करत नाही. तंतू पाण्यात लांब सोडायचा, वरून झरणारा सेंद्रिय गाळ (सागरहिम) त्यावर अडकू द्यायचा, मग तंतू बाहूंमधून ओढून गाळ पुसून घ्यायचा आणि चिकट स्रावात त्याची गोळी करून तोंडात सारायची, असा त्याचा आहार होव्हिंग व रॉबिसन या संशोधकांनी २०१२ मध्ये नोंदवला. शाईची पिशवी नसते. डिवचल्यास बाहूंच्या टोकांतून चमकणारा स्राव सोडतो.

तो उष्ण व समशीतोष्ण महासागरांत, मुख्यतः ६०० ते ९०० मी. खोलीवर, प्राणवायू अत्यल्प असलेल्या थरात राहतो. चयापचय अतिशय मंद असतो आणि रक्तातील हीमोसायनिन (प्राणवायू वाहून नेणारे प्रथिन) तुटपुंजा प्राणवायूही पकडते. अरबी समुद्रात असा थर साधारण १५० ते १,००० मी. दरम्यान पसरलेला आहे. पावसाळ्यात व त्यानंतर कमी प्राणवायूचे पाणी कोकण-गोव्याच्या समुद्रबूड जमिनीवर (किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर) चढते, तेव्हा तळाची मासळी तिथून हटते. मुंबईसमोर ही जमीन सुमारे ३०० किमी. रुंद असून दक्षिणेकडे अरुंद होत जाते. तळ जिथे एकदम खोल जातो तो खंडान्त उतार त्यापलीकडे. हर्णै, मिरकरवाडा, मालवण येथील ट्रॉलरांची जाळी या उताराच्या अलीकडेच फिरत असल्याने तेथील लिलावांत हा प्राणी येत नाही.

बहुतेक शीर्षपाद एकदाच वितात व मरतात. याची मादी मात्र पुन्हापुन्हा अंडी घालते.