जुन्या गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक घेताय? आधी इंजिनाचा नंबर पाहा

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक: अँबेसेडर, पद्मिनी आणि जुन्या जीपवाल्यांकरिता)

दुकानाची पायरी चढता चढताच गिऱ्हाईक विचारते, "भाऊ, अँबेसेडरचं पुस्तक पायजे होतं." पुस्तक आहे. पण कोणत्या अँबेसेडरचं, असं विचारलं की बरेच जण बाहेर उभ्या गाडीकडे बोट दाखवतात. गाडी पाहून पुस्तक देता येत नाही, म्हणून हा कागद छापला. कापूस विकून चार पैसे हाती आले की आजोबांची गाडी चालू करायची हौस आमच्या भागात बऱ्याच जणांना येते, आणि चुकीच्या पुस्तकापायी हौसेचा खर्च दुप्पट होतो.

अँबेसेडर म्हणजे मुळात ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका. (नागपूरच्या मॉरिस कॉलेजचा आणि या मॉरिसचा काही संबंध नाही, तेही लोक विचारतात.) बंगालातल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात ती पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून मे २०१४ पर्यंत निघत होती. इतक्या वर्षांत अंगाचा आकार जवळपास तोच राहिला, पण बोनेटखाली बरंच बदललं. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आलं, पुढे तेवढ्याच १४८९ सीसीचं डिझेल आलं आणि त्यानंतर इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल आलं. आता "पंधराशेचं अँबेसेडर" म्हणून कोणी पुस्तक मागितलं तर आम्ही काय द्यायचं? सीसी तीच, पण एकाला प्लग आणि पॉईंट, तर दुसऱ्याला डिझेल पंप आणि इंजेक्टर.

त्यात आपल्याकडची गंमत वेगळीच. डिझेल स्वस्त होतं त्या काळात पेट्रोलची इंजिनं काढून डिझेल बसवलेल्या गाड्या खेड्याखेड्यांत आहेत. महिंद्राच्या जीपचंही तसंच. मूळ अमेरिकन विलीज कंपनीचं पेट्रोल इंजिन जाऊन पुजोचं डिझेल बसलं, आणि काही जिपांत त्याहून चमत्कारिक काही बसलं आहे. डिक्कीवरची पाटी, आरसीवरचं मॉडेल आणि बोनेटखालचं इंजिन हे तिन्ही एकमेकांशी जुळतीलच असं नाही. आरसीवर इंधन पेट्रोल लिहिलं असेल आणि आत डिझेल असेल, तर पुस्तकाआधी आरटीओचं काम करून घ्या.

म्हणून घरीच एवढं करून या. रॉकेलात भिजवलेल्या चिंधीनं इंजिन ब्लॉकवरचा नंबर पुसा. चाळीस वर्षांचं ऑइल आणि काळी माती मिळून तिथे दगड झालेला असतो, खरडायला पत्रा वापरू नका, अक्षरं जातात. नंबर उमटला की त्यावर खडू घासा, आकडे पांढरे उठून दिसतात, मग मोबाइलनं फोटो काढा. चेसिसच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा, आरटीओत छाप घेतात तसाच. हे दोन नंबर आणि आरसीची झेरॉक्स एवढं हातात असलं की पुस्तक ठरवायला पाच मिनिटं पुरतात. चांगल्या पुस्तकाच्या पहिल्या पानांवरच ते कोणत्या इंजिन-चेसिस नंबरांसाठी आहे ते लिहिलेलं असतं. तसं काही नसेल आणि मुखपृष्ठावर नुसता गाडीचा फोटो असेल, तर थोडं सावध राहा.

पुस्तकं तीन-चार जातीची असतात. गाडीबरोबर कंपनी देते ते मालकाचं पुस्तक: ऑइल किती, हवा किती, फ्यूज कुठला. पातळ असतं, पण गाडी नुसती चालवणाऱ्याला तेच पुरतं. दुसरं वर्कशॉप मॅन्युअल, कंपनीनं आपल्या मिस्त्र्यांसाठी काढलेलं. ते तुम्हाला अर्धं काम येतं असं धरूनच चालतं, "गिअर डबा उतरवा" एवढं लिहून पुढच्या ओळीला जातं. तिसरं पार्ट्सचं पुस्तक. हे सगळे विसरतात, आणि आमच्या मते पहिल्यांदा तेच घ्यावं. त्यात एकेक भाग सुटा करून ओळीनं काढलेला असतो, कोणता वॉशर कोणत्या बुशच्या आधी ते चित्रात दिसतं, आणि पार्टचा नंबर मिळाला की नागपूरच्या दुकानदाराशी फोनवर वाद घालावा लागत नाही. चौथी बाहेरच्या प्रकाशकांची पुस्तकं, घरच्या घरी दुरुस्ती करणाऱ्यांसाठी. फोटो भरपूर, भाषा सोपी. नवशिक्याला बरी, पण ती बहुतेक परदेशी मॉडेलवर लिहिलेली आहेत. आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडची पुस्तकं कार्बोरेटर कसा चालतो हे समजायला उत्तम, पण तुमच्या गाडीचा आकडा त्यात सापडणार नाही.

परदेशी पुस्तक घेतलं तर काय अडतं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण फसगत इथेच होते.

ब्रिटिश पुस्तकात "पॅराफिनने धुवा" असं येतं. ते आपलं रॉकेल. एका हौशी गिऱ्हाइकानं मेणबत्तीचं मेण समजून आम्हाला विचारलं होतं, बरं झालं आधी विचारलं. फियाटचं (पद्मिनी मूळची फियाटच) इटालियन आणि विलीजचं अमेरिकन पुस्तक घेतलं तर स्टिअरिंग डावीकडे दिसेल, पेडलचे दांडे आणि स्टिअरिंगचा डबा आपल्याकडे उलट्या बाजूला. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ लिटरचा. विलीजच्या पुस्तकातलं माप ब्रिटिश समजून ऑइल भरलं तर जास्त होतं आणि सील फुटतं. पन्नास-साठच्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असे. त्यांच्या वायरिंगच्या नकाशावरून आपल्या मायनस-अर्थच्या (मायनस टोक बॉडीला जोडलेल्या) गाडीला वायरिंग केलं तर डायनॅमो, अँमीटर किंवा नंतर बसवलेला अल्टरनेटर धोक्यात येतो. ऑइलचा तक्ता ब्रिटिश हवेसाठी केलेला असतो, त्यातली हिवाळ्याची ओळ आपल्या कामाची नाही. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडच्या मे महिन्यासाठी तक्त्यातली सगळ्यात गरम हवेची ओळ धरा.

सगळ्यात महाग पडतो तो टॉर्क, म्हणजे नट किती जोरानं आवळायचा त्याचं माप. ही चूक आमचीच, म्हणून सांगायला लाज नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका अँबेसेडरचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण) आम्ही बसवलं. पुस्तकात हेडच्या नटांसाठी ४० लिहिलं होतं, नवा टॉर्क पाना ४० वर लावला, कट् कट् आवाज आला, सगळे खूश. पुस्तक पौंड-फुटात होतं आणि पाना न्यूटन-मीटरचा. ४० पौंड-फूट म्हणजे ५४ न्यूटन-मीटर, किंवा जुन्या पान्यांवर साडेपाच किलोग्रॅम-मीटर. म्हणजे नट पाऊण भागच कसले गेले. गाडी कारंज्याच्या रस्त्यावर गरम झाली, हेड पॅकिंग दोन सिलिंडरांच्या मध्ये उडालं, आणि मालक रात्री दहाला ट्रॅक्टरनं ओढून आणून आमच्या दारात सोडून गेला. पॅकिंग उघडलं तेव्हा मधल्या पट्टीवर करंगळीएवढा काळा डाग होता. पॅकिंग आणि मजुरी आम्ही भरली. (हा ४० आकडा तुमच्या गाडीला लावू नका, तुमचा तुमच्या पुस्तकात पाहा.) उलट चूक झाली तर आटे जातात, स्टड तुटून ब्लॉकमध्ये राहतो. आता आम्ही विकत असलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर मापं बदलायची चिठ्ठी चिकटवतो: एक पौंड-फूट म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर, एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर, आणि हजारावा इंच म्हणजे ०.०२५ मिलिमीटर. टॅपेटच्या फटीचा ०.०१५ इंच हा ०.३८ मिलिमीटर होतो. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मिलिमीटरचा असेल तर हे लागतंच.

पान्यांचंही तसंच. ब्रिटिश इंजिनाला इंची पाने, फियाटला आणि इसुझूला मिलिमीटरचे. पुस्तक घेताना तेवढे पाने घरी आहेत का ते पाहा, नाहीतर पुस्तक बरोबर असूनही नटाचे कोपरे गोल होतात.

जुनं पुस्तक घ्यायचं तर हातात घेऊन चाळा. मागे दुमडलेला वायरिंगचा मोठा नकाशा आहे का? स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये हाच नकाशा बहुधा अर्धा कापलेला असतो आणि वायरींच्या रंगांची अक्षरं वाचता येत नाहीत. टॉर्कचं पान, क्लिअरन्सचं (फटींच्या मापांचं) पान आणि सूची शाबूत आहे का? पानांवर काळे अंगठे उमटलेले असतील तर घाबरू नका, ज्या पानावर ते जास्त तीच पानं मिस्त्र्यानं वापरली. कोरं करकरीत जुनं पुस्तक पाहिलं की आम्हालाच शंका येते.

तुमची गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्थितीत असेल, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिची व्हिंटेज नोंदणी होऊ शकते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. मात्र त्यानंतर रोजच्या कामाला ती गाडी वापरता येत नाही. इंजिन बदललेल्या गाड्यांनी या वाटेला जाण्याआधी आमच्याशी बोलून घ्यावं.

आमच्याकडची पुस्तकं आधी दुकानात बसून पाहता येतात, चहा आमच्याकडून. हवं ते नसेल तर आम्ही शोधून देतो, पण नंबरांचा फोटो दिल्याशिवाय शोध सुरू करत नाही. नेलेलं पुस्तक चुकीचं निघालं आणि पानं शाबूत असली तर पंधरा दिवसांत बदलून मिळेल. दुकान बाजाराच्या दिवशी संध्याकाळपर्यंत उघडं असतं, पोळ्याला आणि तान्ह्या पोळ्याला बंद.