एसटीएस शिष्यवृत्ती: व्यायाम आणि दमसास या विषयावर संशोधन करायचंय, तर अर्ज कसा करायचा?

एमबीबीएस किंवा बीडीएस करताना स्वतःचं छोटं संशोधन करायची संधी आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) १९७९ पासून देत आली आहे. शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं एसटीएस. काम दोन महिन्यांचं आणि विद्यावेतन अलीकडच्या वर्षांत ५०,००० रुपये. खेळाडूंचा दमसास, स्नायूंची ताकद, थकवा असे विषय आवडणाऱ्यांसाठी ही वाट खरोखर सोयीची आहे, कारण लागणारी बरीचशी साधनं फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकल हॉलमध्येच असतात: पायरीवर चढ-उतार करायच्या स्टेप टेस्टचा स्टूल, पकडीची ताकद मोजणारा हँडग्रिप डायनॅमोमीटर, फुप्फुसांची क्षमता मोजणारा स्पायरोमीटर.

अर्ज मान्यताप्राप्त महाविद्यालयातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांनीच करायचा. इंटर्नशिप सुरू झालेल्यांना आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो करता येत नाही. गाईड पूर्णवेळ अध्यापक हवा, निवासी डॉक्टर चालत नाहीत. एका गाईडला वर्षाला एकच विद्यार्थी घेता येतो, म्हणून जाहिरात येण्याची वाट न पाहता आधीच सरांशी किंवा मॅडमशी बोलून ठेवा. चांगले गाईड लवकर अडकतात.

अर्ज आयसीएमआरच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो आणि तारखा दरवर्षी नव्याने जाहीर होतात. आधी नोंदणी, मग प्रपोजल, आणि सोबत तुमची, गाईडची व संस्थाप्रमुखांची सही असलेला साक्षांकन फॉर्म. डीनच्या सहीला आपल्याकडे किती हेलपाटे पडतात ते सांगायला नको. फॉर्म आधी फिरवायला घ्या. प्रपोजलच्या मजकुरात मात्र तुमचं, गाईडचं किंवा कॉलेजचं नाव कुठेही येऊ देऊ नका. तपासणाऱ्याला ओळख कळू नये असा नियम आहे.

निवड ठरते ती प्रपोजलवर, आणि त्यातही पद्धतीच्या भागावर. क्वीन्स कॉलेज स्टेप टेस्टचं उदाहरण घेऊ. ४१.३ सेंटीमीटर उंचीच्या पायरीवर तीन मिनिटं चढ-उतार करायची, मुलांनी मिनिटाला २४ आणि मुलींनी २२ वेळा, मेट्रोनोमच्या (ठरलेल्या गतीने ठोके देणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यावर. थांबल्यावर पाचव्या ते विसाव्या सेकंदापर्यंत नाडी मोजायची. मुलांसाठी सूत्र असं: १११.३३ वजा (०.४२ गुणिले मिनिटाची नाडी). पंधरा सेकंदांत ३८ ठोके मिळाले तर नाडी १५२ आणि ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता अंदाजे ४७.५ मिलिलिटर प्रति किलो प्रति मिनिट. यात एक ठोका चुकला तरी उत्तर जवळपास १.७ ने हलतं. म्हणून नाडी कोण मोजणार, हाताने की यंत्राने, चाचणीआधी किती वेळ खाणं आणि चहा-कॉफी बंद, हे सगळं लिहा. 'स्टेप टेस्ट केली जाईल' एवढ्या एका ओळीवर परीक्षकाला काहीच कळत नाही.

विषय दोन महिन्यांत आटोपेल एवढाच ठेवा. बारा आठवड्यांच्या प्रशिक्षणाचा परिणाम इथे बसत नाही; नियमित खेळणाऱ्या आणि न खेळणाऱ्या मुलांची एकदाच केलेली तुलना बसते.

एथिक्स कमिटीची (संशोधनात सहभागींच्या हिताची काळजी घेतली आहे का, हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी मिळाल्याशिवाय एकाही माणसाची चाचणी घ्यायची नाही. दमवणारी चाचणी असल्याने हृदयविकार, दमा, चक्कर येण्याचा इतिहास आधी विचारायची तरतूद दाखवा. संमतीपत्रक सहभागी माणसाला वाचता येईल अशा भाषेत हवं. तालमीतल्या किंवा कबड्डी संघातल्या मुलांसाठी ते सरळ मराठीत करा. अठरा वर्षांखालची मुलं असतील तर पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. ज्युनियर मुलांना गळ घालून सहभागी करून घेणं तर मला अजिबात पटत नाही. नाही म्हणायची मुभा त्यांना खरोखर असली पाहिजे.

निवड झाल्यावर लगेच पैसे येत नाहीत. काम पूर्ण करून एथिक्सच्या मंजुरीपत्रासह अहवाल पाठवायचा, तो मान्य झाला की विद्यावेतन आणि प्रमाणपत्र. साहित्यासाठी वेगळा निधी नसतो, त्यामुळे महागड्या किटवर अवलंबून असलेला विषय टाळा.

बीएस्सी किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एसटीएस नाही. त्यांच्यासाठी बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमींची मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप आहे. तिथे काय काम करायचंय याचं टिपण, गुणपत्रिका आणि एका प्राध्यापकांचं शिफारसपत्र लागतं. उन्हाळ्यातल्या या कामाचे अर्ज आदल्या वर्षीच, साधारण दिवाळीच्या आगेमागे भरून घेतात, तेव्हा शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना सुटी लागण्याआधीच गाठा.