परवाना गेला, नियमही गेले: रानडुकराच्या वादामागची पार्श्वभूमी

मका दुधात आला, भुईमुगाच्या शेंगा भरल्या की रानडुकरांचे कळप शिवारात उतरतात आणि दर हंगामात तीच मागणी निघते: शिकारीला परवानगी द्या. या मागणीत तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ असते. पहिली म्हणजे शिकारीचा जुना परवाना. तो १९९१ पासून कायद्यात उरलेलाच नाही. पिकाची नासाडी करणारे ठरावीक जनावर मारण्याची लेखी परवानगी ही वेगळी गोष्ट आणि ती आजही मिळू शकते. जातीलाच ‘उपद्रवी’ ठरवणे ही तिसरी. तसे झाले की परवानगी मागावीच लागत नाही. ग्रामसभेच्या ठरावात आणि बातम्यांच्या मथळ्यांत या तिन्हींना एकच शब्द वापरला जातो, म्हणून वाद पुढे सरकत नाही.

ब्रिटिश काळातले नियम थोडक्यात सांगून चालेल. राखीव जंगलात शिकारीवर नियंत्रण वनकायद्याचे होते. जंगलाचे गट पाडून ते ठरावीक दिवसांसाठी शिकाऱ्याला देत. जंगलाबाहेरच्या पशुपक्ष्यांसाठी १९१२ चा कायदा आला. त्याच्या यादीत माळढोक, बदके, तित्तर, लावे, रानकोंबडी, मोर होते. हरणे, गवे, ससे होते. वाघ आणि बिबट्या नव्हते, कारण त्या काळी ते मारले जाणे सरकारला हवेच होते. प्रांतिक सरकारने यादीतल्या जातींसाठी ‘बंद काळ’ जाहीर करायचा आणि त्या महिन्यांत मारणे, पकडणे, ताजे मांस विकणे गुन्हा, अशी त्याची रचना. पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५० रुपये. त्यातली एक सवलत मात्र आजच्या वादाच्या मुळाशी आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राणी मारला तर गुन्हा नव्हताच, पण आपली मालमत्ता प्रामाणिकपणे राखताना मारला तरी नव्हता. उभे पीक ही मालमत्ताच. शेतकऱ्याला कुणाकडे अर्ज करावा लागत नसे. ‘आमच्या आजोबांना कुणी विचारत नव्हते’ हे गावात जे ऐकू येते, त्याला हा कायद्याचा आधार होता.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा स्वतःचा कायदा केला. विदर्भ मध्य प्रांताच्या नियमांखाली होता, मराठवाडा हैदराबादच्या. १९६० साली महाराष्ट्र झाला तेव्हा या तीन परंपरा एकाच वनखात्याच्या हाती आल्या. ताडोबाची गोष्ट याच काळातली: तिथे शिकार १९३५ सालीच थांबवली होती आणि १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, तेही मध्य प्रदेशाच्या कायद्याखाली.

खरा पाया १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घातला. महाराष्ट्रात तो १९७३ पासून लागू झाला. आज त्याची ओळख शिकारबंदीचा कायदा अशी आहे, पण मूळ मसुद्याचा मोठा भाग शिकार कशी करू द्यायची याबद्दल होता, हे फार थोड्यांना आठवते. कायद्याला जोडलेल्या प्राण्यांच्या याद्या म्हणजे अनुसूची. पहिल्या अनुसूचीतल्या जातींना हात लावायचा नाही. त्याखालच्या अनुसूचींसाठी परवाने: विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार, आणि जिवंत पकडण्याचा वेगळा परवाना. चितळ, सांबर, रोही (म्हणजे नीलगाय), रानडुक्कर ही ‘मोठी शिकार’. ससे आणि बरेचसे पक्षी ‘लहान शिकार’. उंदीर, घुशी, कावळा, फळे खाणारी वटवाघळे यांची पाचवी अनुसूची म्हणजे ‘उपद्रवी’. त्यांना परवाना लागत नसे.

या परवान्यांना जोडलेले नियम बारकाईने पाहण्यासारखे आहेत. राज्य सरकार एखाद्या जातीसाठी वर्षाचा काही भाग किंवा पूर्ण वर्षही बंद काळ ठरवू शकत असे. खास परवानगीशिवाय पिल्लू मारायचे नाही, मादी मारायची नाही आणि लवेच्या कातडीने झाकलेल्या कोवळ्या शिंगांचा नरही मारायचा नाही. हा शेवटचा नियम जाणत्यांनी घातलेला आहे. पक्ष्यांना आणि सांबराला ठरावीक महिन्यांची बंदी बऱ्यापैकी लागू पडते. चितळाला ती पुरत नाही, कारण कळपात वर्षभर कोणत्या ना कोणत्या नराची शिंगे कोवळी असतात आणि दुसऱ्याची टणक. म्हणून तिथे दिनदर्शिकेऐवजी शिंगच पाहायचे.

पद्धतींची यादी तर अधिकच काटेकोर होती. वाहनातून शिकार नाही, वाहनाने जनावर हाकणे नाही. विष, स्फोटके, जाळी, खड्डे, फासे, सापळे नाहीत; पकडण्याचा वेगळा परवाना असेल तेवढाच अपवाद. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शिकार नाही आणि कृत्रिम उजेड नाही. हिंस्र पशू त्याने मारलेल्या भक्ष्यावर येतो तेवढ्यासाठी खास परवानगी मिळे. पाणवठ्यावर, चाटणावर (जनावरे खारट माती चाटायला येतात ती जागा) किंवा तिकडे जाणाऱ्या वाटेवर दबा धरायचा नाही. कुत्री सोडायची नाहीत, पाणपक्षी, तित्तर, लावे असे थोडे अपवाद वगळता. खाजगी जमिनीत मालकाची संमती हवी. मोठ्या शिकारीला रायफलच हवी. बंदूक वापरायची तर परवान्यात तशी नोंद आणि एकच भरीव गोळी, छर्रे नाहीत. रानडुकराची कातडी आणि खांद्यावरचा जाड थर छऱ्यांना दाद देत नाही. जनावर मरत नाही, जखमी होऊन उसात किंवा करवंदीच्या जाळीत शिरते आणि दुसऱ्या दिवशी तिथे कामाला गेलेल्या माणसावर उलटते. मोठी शिकार मारली, पकडली किंवा नुसती जखमी झाली तरी १५ दिवसांच्या आत लेखी कळवणे बंधनकारक होते. जखमीची नोंद मागणारा नियम ज्याने लिहिला, त्याला रान ठाऊक होते.

या व्यवस्थेत एक मोठा अन्यायही होता, तो नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नियम बंदूकवाल्या शिकाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेले. ज्यांच्या जमातीचे नावच ‘पारध’ या शब्दावरून आले त्या फासेपारध्यांचे साधन म्हणजे फासा. तित्तर आणि लाव्यांसाठी घोड्याच्या किंवा जनावराच्या केसांचा, सुताचा. १८७१ च्या कायद्याखाली अशा अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला होता. तो १९५२ साली कागदावरून पुसला. १९७२ मध्ये त्यांचे साधन बेकायदा झाले. पकडण्याच्या परवान्याची वाट होती, पण ती अर्ज, शुल्क आणि कचेरीतून जाणारी.

आता १९९१. त्या वर्षी २ ऑक्टोबरला सुधारणा लागू झाली आणि शिकारीचे परवाने संपले. कलम ९ एका वाक्यावर आले: अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार करायची नाही, कलम ११ आणि १२ मधले अपवाद सोडून. निर्णय योग्य होता. तोवर अनेक जातींची अवस्था अशी होती की ‘मोसमी’ शिकारसुद्धा झेपणारी नव्हती. पण परवाने काढताना बंद काळ, मादी-पिल्लू आणि पद्धती यांची कलमेही वगळली. शिकारच नाही तर तिचे नियम कशाला, असा तो हिशेब. तो चुकला, कारण शिकार पूर्ण थांबली नव्हती. ती कलम ११ च्या दाराने चालू राहणार होती.

कलम ११ मध्ये पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत अधिकार फक्त मुख्य वन्यजीव रक्षकाचा आणि कारण माणसाच्या जिवाला धोका किंवा प्राण्याचा असाध्य आजार, जखम. बाकीच्यांबाबत उभ्या पिकांसह मालमत्तेचे नुकसान हेही कारण चालते आणि अधिकार खालच्या अधिकाऱ्याला देता येतो. आदेश लेखी आणि सकारण हवा. एकच प्राणी किंवा ठरावीक क्षेत्रातला गट, असा उल्लेख हवा. मेलेले जनावर सरकारी मालमत्ता. जीव वाचवताना प्राणी मारला तर आजही गुन्हा नाही, मात्र त्या वेळी माणूस स्वतः हाच कायदा मोडत असेल तर ती ढाल मिळत नाही. १९१२ च्या सवलतीतला ‘मालमत्ता’ हा शब्द इथे दिसत नाही. पीक वाचवणे हा शेतकऱ्याचा थेट हक्क होता, तो अर्जाचा विषय झाला. सगळ्या असंतोषाचे बीज या एका शब्दात आहे.

महाराष्ट्रात २०१५ च्या शासन निर्णयाने रानडुक्कर आणि रोही यांच्या परवानगीचे काम वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणले. केरळात २०२२ मध्ये रानडुकरांपुरता अधिकार पंचायतींच्या प्रमुखांकडे दिला. दोन्हीकडे प्रश्न विलंबाचा होता आणि उत्तर अधिकाराच्या वाटपाचे. मारायचे कसे, कोणत्या महिन्यात, दुधावरची मादी असेल तर काय, हे मूळ कायद्यात आता नाही. जे काही बंधन घालायचे ते त्या त्या आदेशातल्या अटींत लिहावे लागते. रानडुकराचा गर्भकाळ साधारण चार महिने आणि एका वेताला चार-सहा पिल्ले. मादी पडली की लहान पिल्ले मरतात, थोडी मोठी असली तर त्याच बांधाच्या आसपास राहतात. मोठा नर मारला तर कळपाच्या वाढीवर फारसा परिणाम होत नाही. नुकसान कमी करायचे की पैदास, हे ठरवल्याशिवाय कोणते जनावर टिपायचे ते कळत नाही.

‘उपद्रवी’ या शब्दाचा गुंता इथेच वाढतो. मराठीत उपद्रव म्हणजे त्रास. त्रास देणारा प्राणी उपद्रवी, हे साधे भाषेचे गणित. कायद्यात तो शब्द प्राण्याच्या वागण्याबद्दल काही सांगत नाही. तो दर्जा आहे. कलम ६२ खाली अधिसूचना निघाली की त्या भागात, त्या मुदतीपुरते त्या जातीचे संरक्षण उठते. अर्ज नाही, सकारण आदेश नाही, किती मारले याची नोंद देणे नाही. मूळ कायद्यात हा अधिकार राज्य सरकारचा होता. १९९१ मध्ये तो केंद्राकडे गेला. म्हणून राज्याच्या मंत्र्याने विधिमंडळात ‘उपद्रवी घोषित करू’ असे आश्वासन दिले तर त्याचा अर्थ केंद्राला प्रस्ताव पाठवू, एवढाच होतो. शेतकरी ते घोषणा म्हणून ऐकतो, बंदूक काढतो आणि गुन्हा दाखल होतो.

डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर, फेब्रुवारी २०१६ मध्ये उत्तराखंडात रानडुक्कर, मे २०१६ मध्ये हिमाचलात माकड असे एक-एक वर्षाचे दर्जे निघाले. जूनमध्ये बिहारच्या मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी २०० हून अधिक रोही मारल्या आणि देशभर गदारोळ झाला. सर्वोच्च न्यायालयाने अधिसूचनांना स्थगिती दिली नाही. केरळची रानडुकरांबद्दलची मागणी मात्र केंद्राने वारंवार फेटाळली. २०२२ च्या सुधारणेने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सहा अनुसूचींच्या चार केल्या आणि उपद्रवींची स्वतंत्र अनुसूची काढून टाकली. रानडुक्कर आणि रोही आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. कलम ६२ राहिले. दंडाची साधारण कमाल २५ हजारांवरून १ लाखावर गेली, कैद तीन वर्षांपर्यंत.

बंदुकीचा परवाना ही अजून एक गल्लत. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मिळण्याची तरतूद आहे. ती पुरत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. सिंधुदुर्गात, रत्नागिरीत घराघरांत जे ‘शेती संरक्षण’ परवाने आहेत ते हेच. तो परवाना शस्त्र जवळ बाळगण्याचा आहे, डुक्कर मारण्याचा नाही. दोन कागद, दोन खाती. आणि साधनाचा प्रश्न उरतोच: रायफल किंवा एकेरी भरीव गोळीशिवाय ज्या जनावरावर नेम धरायची हौशी शिकाऱ्यालाही मुभा नव्हती, त्याच्यावर आज शेतकरी एकाच बाराची ठासणीची बंदूक रोखतो. पावसाळ्यात तिची दारू दमट होते, दुसरा बार भरेपर्यंत कळप बांधापलीकडे गेलेला असतो. निवडणूक लागली की शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. ती तारीख पिकाच्या तारखेवर आली तर परवानगी हातात असून उपयोग नसतो.

मग फासे लागतात. क्लचच्या तारेचा फासा, कुंपणात सोडलेला विजेचा प्रवाह, पिठाच्या गोळ्यात भरलेला गावठी बॉम्ब. १९७२ च्या यादीत फासे, सापळे, विष आणि स्फोटके नावानिशी बंद होती, कारण ही साधने जनावर निवडत नाहीत. डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्या कमरेत अडकतो, तडफडताना तार आत रुतत जाते आणि भूल देऊन सोडवला तरी आतल्या जखमांनी दगावतो. विजेच्या तारेवर शेजारचा शेतकरी पाणी द्यायला गेलेला असतो.

परवानगी मिळालेल्यांनी आदेशाचा कागद नीट वाचावा. प्राण्याची जात, गट नंबर, मुदत आणि गोळी कोण घालणार हे त्यात असते. शेजारच्या गटात किंवा जंगलात पळालेल्या जखमी जनावरामागे जाणे त्या कागदात बसत नाही. तेव्हा वनरक्षकाला लगेच कळवायचे. जनावर पडले की हलवायचे नाही, आधी पंचनामा. मांस वाटून घेतले की कायदेशीर परवानगीचाही गुन्हा होतो. विल्हेवाट वनखात्याच्या देखरेखीखाली पुरून किंवा जाळून लावायची. आणि मुदत पीक कापणीआधी संपणार असेल तर वाढीचा अर्ज ती संपण्याआधी द्यायचा, कारण मुदत संपल्यानंतर घातलेली गोळी कायद्याच्या नजरेत शिकारच असते.