पार्श्वभूमी : राजासाठी प्रार्थना, राजापुढे गाऱ्हाणे

१९९९ चा जून महिना. कारगिलमध्ये लढाई पेटली होती आणि इंदुरात आमच्या घरी रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत आजोबा रोज एक वाक्य जास्तीचे म्हणत, "प्रभू, दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांना सुबुद्धी दे." आजोबा मूळचे नगरकडचे. नोकरीपायी इंदूरला आले आणि इथलेच झाले. चर्चमधली उपासना हिंदीत, घरची प्रार्थना मात्र मराठीत, हा आमच्याकडचा रिवाज. शेजारच्या काकूंचा मुलगा महूचे ट्रेनिंग संपवून नुकताच सरहद्दीकडे गेला होता. एका रात्री काकू येऊन आमच्यात बसल्या, तेव्हा 'दोन्हीकडच्या' हा शब्द आजोबा आज गाळतील असे मला वाटले. त्यांनी तो गाळला नाही. काकूंनी मान वर केली नाही, पण त्या उठूनही गेल्या नाहीत.

ती प्रार्थना आजोबांच्या पदरची नव्हती. बायबलात पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सांगितले आहे की राजांसाठी व सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा, म्हणजे आपल्याला स्वस्थपणे जगता येईल. तेव्हा राजा म्हणजे रोमचा सम्राट, आणि प्रार्थना करणारे मूठभर, बिनवजनाचे लोक. राजासाठी प्रार्थना करणारी हीच माणसे राजापुढे उभी राहून 'लढाई थांबवा' असे कशी म्हणू लागली, हे बघण्यासारखे आहे.

सुरुवातीच्या ख्रिस्ती माणसाला सम्राटाला उपदेश करण्याची सोय नव्हती. फार तर तो स्वतः नकार देऊ शकत होता. आजच्या अल्जीरियात, तेबेसा इथे इ.स. २९५ मध्ये मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने सैन्यात भरती व्हायला नकार दिला. त्याचा बाप जुना सैनिक होता. मुलाचा शिरच्छेद झाला. पुढे चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने चर्चला जवळ केले, ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनने न्याय्य युद्धाचा विचार मांडला आणि चर्च सिंहासनाशेजारी जाऊन बसले. धर्मयुद्धे झाली, तलवारींना आशीर्वाद दिले गेले. हा भाग झाकून बाकीचे सांगण्यात प्रामाणिकपणा नाही.

इंदूरचे लाल चर्च सगळ्यांना ठाऊक आहे. ते ज्या असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावाने आहे, तो त्याच धर्मयुद्धांच्या काळातला. १२१९ मध्ये तो इजिप्तमध्ये दमिएत्ता इथे क्रुसेडर, म्हणजे धर्मयुद्धाला निघालेल्या ख्रिस्ती, सैन्याच्या छावणीत पोचला. त्याने आधी आपल्याच बाजूला सांगितले की ही लढाई करू नका, हराल. सैनिकांनी त्याची टिंगल केली आणि ऑगस्टच्या अखेरीस ते खरोखरच हरले. मग तो निःशस्त्र, एका सोबत्याला घेऊन पलीकडच्या छावणीत सुलतान अल्-कामिलकडे गेला. अल्-कामिल हा सलादीनचा पुतण्या. त्याने फ्रान्सिसचे ऐकून घेतले आणि त्याला सुखरूप परत पाठवले. युद्ध काही थांबले नाही. तरीही मला यातला क्रम मोलाचा वाटतो : आधी आपल्या माणसांशी बोलणे, मग शत्रूशी.

'लढाई नको' हे लेखी स्वरूपात थेट राजापुढे ठेवण्याची रीत पडली ती मुख्यतः क्वेकर या ख्रिस्ती पंथामुळे. १६६१ च्या जानेवारीत लंडनमध्ये एका दुसऱ्याच पंथाने बंड केले आणि त्याचा फटका म्हणून क्वेकरांनाही तुरुंगात टाकले गेले. तेव्हा त्यांनी राजा दुसरा चार्ल्स याला निवेदन दिले की कुठल्याही कारणासाठी, मग ते धर्माचे असो की राज्याचे, आम्ही शस्त्र धरणार नाही.

दोनशे वर्षांनी त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. क्रिमियाच्या युद्धाचे ढग जमले होते. जोसेफ स्टर्ज, रॉबर्ट चार्ल्टन आणि हेन्री पीझ हे तीन इंग्लिश क्वेकर भर हिवाळ्यात, बर्फावरून घसरगाडीने मजल दरमजल करत रशियाच्या राजधानीत पोचले. १८५४ च्या फेब्रुवारीत ते झार पहिला निकोलस याच्यासमोर उभे राहिले आणि आपले निवेदन त्यांनी वाचून दाखवले. तीन साधी माणसे, हातात सरकारचा कागद नाही, कुठला अधिकार नाही. झारने शांतपणे ऐकून घेतले, आदराने वागवले. इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांनी मात्र त्यांची खिल्ली उडवली आणि मार्चच्या अखेरीस ब्रिटनने युद्ध पुकारलेच. इथवरची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. पुढची कमी सांगितली जाते. या युद्धात ब्रिटिश आरमाराने फिनलंडच्या किनाऱ्यावरची घरेदारे, गोदामे जाळली होती. युद्धानंतर स्टर्ज तिथे गेला आणि उद्ध्वस्त झालेल्या कोळ्यांसाठी, गावकऱ्यांसाठी मदत उभी केली. आपल्या सरकारने जाळलेले भरून द्यायला आपण जायचे, एवढा साधा हिशेब त्याच्यापाशी होता.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत कॉन्स्टान्झ इथे देशोदेशीच्या ख्रिस्ती मंडळींची शांतता परिषद भरली, आणि भरता भरताच महायुद्ध सुरू झाले. पाहुण्यांना मिळेल त्या गाडीने देशाबाहेर काढावे लागले. कोलोनच्या स्टेशनवर इंग्लिश क्वेकर हेन्री हॉजकिन आणि जर्मन लुथरन पाळक फ्रीडरिश झिगमुंड-शुल्त्से यांनी निरोप घेताना हातात हात घेतले. आपण ख्रिस्तात एक आहोत, आपली एकमेकांशी लढाई असू शकत नाही, हा त्यांनी एकमेकांना दिलेला शब्द. बाजूने सैनिकांनी भरलेल्या गाड्या जात असताना दोन माणसांनी असे बोलण्याला काय लागले असेल! त्या शब्दातूनच वर्षाअखेरीस केंब्रिजमध्ये 'फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन' ही संघटना उभी राहिली. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १ ऑगस्ट १९१७ रोजी लढणाऱ्या सर्व सरकारांना पत्र लिहिले आणि या युद्धाला व्यर्थ कत्तल म्हटले. कुणी ऐकले नाही.

याच युद्धाचा एक धागा आपल्याकडे येतो. १९१८ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून इंदूरला आले होते. इंदूरकर त्या भेटीची आठवण अभिमानाने काढतात. त्यानंतर काही महिन्यांतच ते खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून ब्रिटिशांच्या सैन्यासाठी भरती करत होते. त्यांना आडवे गेले ते त्यांचे जिवाभावाचे ख्रिस्ती मित्र सी. एफ. अँड्र्यूज. अहिंसेचा मार्ग सांगणाऱ्याने माणसांना रणांगणावर का पाठवावे, असा अँड्र्यूजचा आक्षेप होता, आणि त्याला उत्तर देताना गांधीजींनी पानेच्या पाने लिहिली. राज्यकर्त्याला सुनावणे एक वेळ जमते. ज्याला आपण मानतो त्याला सुनावणे अवघड.

स्वतंत्र भारताच्या काळात या हाका इथूनही गेल्या. १९६१ मध्ये जागतिक चर्च परिषदेचे अधिवेशन नवी दिल्लीत झाले आणि त्याने सर्व सरकारांना व लोकांना शांततेचे आवाहन केले. अधिवेशन ५ डिसेंबरला संपले. १८ तारखेला भारतीय सैन्य गोव्यात शिरले. गोवा सुटल्याचा आनंद आमच्याही घरात झाला होता. तो आनंद आणि ते आवाहन एकत्र कसे ठेवायचे, हे आजोबांना शेवटपर्यंत सुटले नाही, आणि मलाही सुटलेले नाही. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले तेव्हा त्यांनी शस्त्रस्पर्धा थांबवून तो पैसा गरिबांसाठी द्या, असे जगातल्या राष्ट्रांना सांगितले. त्यांनीच १९६८ पासून १ जानेवारी हा शांतता दिन ठरवला. २००३ मध्ये इराकवर हल्ला होण्याआधी पोप दुसरे जॉन पॉल यांनी एक कार्डिनल बगदादला सद्दाम हुसेनकडे आणि दुसरे वॉशिंग्टनला बुश यांच्याकडे पाठवले. मार्चच्या विसाव्या तारखेला बॉम्ब पडू लागले.

या सगळ्यात एक उदाहरण वेगळे पडते आणि ते आपल्याच देशातले आहे. नागा टेकड्यांत भारतीय सैन्य आणि भूमिगत नागा यांच्यात वर्षानुवर्षे लढाई चालली होती. १९६४ च्या सुरुवातीला वोखा इथे बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींनी पुढाकार घेतला आणि तिघांना मध्यस्थीची गळ घातली : जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा आणि इंग्लिश पाद्री मायकेल स्कॉट. एक सर्वोदयी, एक राजकारणी, एक धर्मगुरू. दोन्ही बाजूंनी त्यांचे ऐकले. ६ सप्टेंबर १९६४ ला, रविवारी, शस्त्रसंधी लागू झाला.

पण शस्त्रसंधी कागदावर टिकत नाही. अमक्या गावात गोळी चालली, तमक्या वाटेवर गस्त घुसली, अशा तक्रारी दोन्हीकडून येत. त्यांची शहानिशा करायला शांतता निरीक्षक नेमले गेले. त्यांच्यात मार्जरी साइक्स होत्या. यॉर्कशायरमध्ये जन्मलेल्या, १९२८ मध्ये भारतात आलेल्या, शांतिनिकेतन आणि सेवाग्राम दोन्ही जवळून पाहिलेल्या या क्वेकर शिक्षिकेने उमेदीची वर्षे मुलांना शिकवण्यात घालवली होती. आता साठीच्या उंबरठ्यावर त्या डोंगरातल्या गावांत जाऊन सैन्याचे म्हणणे ऐकत, नागांचे ऐकत, आणि खरे काय घडले ते नोंदवत.

१९६६ मध्ये तिघांचे हे शांतता मिशन मोडले. जयप्रकाशजी बाहेर पडले, चालिहा बाहेर पडले, स्कॉट यांना भारत सरकारने देशाबाहेर काढले. पंतप्रधान इंदिरा गांधींशी बोलण्याच्या फेऱ्या झाल्या आणि तोडग्याविना संपल्या. निरीक्षक मात्र तिथेच थांबले. एखाद्या गावात गोळी चालल्याची बातमी आली की ते निघत.

मार्जरीबाई उतारवयात आपल्या मध्यप्रदेशात, होशंगाबादजवळच्या रसूलिया इथल्या क्वेकरांच्या केंद्रात येऊन राहिल्या. नर्मदेच्या त्या खोऱ्यात क्वेकर एकोणिसाव्या शतकापासून होते. क्वेकरांच्या मूळच्या रीतीच्या उपासनेत पाळक नसतो, गाणे नसते. माणसे एकत्र येऊन गप्प बसतात आणि कुणाला आतून काही सांगावेसे वाटले तर तो उठून बोलतो.