धरणाआधीचं टोपोशीट

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात क्वॉबिन नावाचा मोठा जलाशय आहे, बॉस्टनला बरंचसं पाणी तिथूनच जातं. त्यासाठी डॅना, एनफील्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही ४ गावं २८ एप्रिल १९३८ ला कागदोपत्री संपली आणि साधारण २,५०० लोकांना उठावं लागलं. त्या खोऱ्याची धरणाआधीची टोपोशीट्स, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारे नकाशे, तिथल्या यूएसजीएस या सर्वेक्षण खात्याने स्कॅन करून फुकट ठेवलीत. उघडली की आपण आधी गावंच शोधतो, घरांचे काळे ठिपके बघून जीव तुटतो, ते साहजिकच आहे. (चर्चचा कळस अजून पाण्याखाली उभा आहे वगैरे खरं नाही, पाणी भरायच्या आधीच इमारती पाडल्या आणि झाडं तोडली होती.)

पण शीटचा खरा खजिना म्हणजे तपकिरी कंटूर रेषा. एका रेषेवरची सगळी जागा सारख्याच उंचीवर असते आणि साचलेलं पाणीही सपाटच राहतं, त्यामुळे पाणी जिथवर भरणार त्या उंचीची रेषा बोटाने गिरवत गेलं की जलाशयाचा काठच मिळतो. त्याच्या वर राहिलेल्या टेकड्यांची बेटं होतात, क्वॉबिनमधलं माउंट पोमरॉय तसंच झालं. पाणी किती मावेल तेही निघतं: लागोपाठच्या दोन रेषांच्या आतली क्षेत्रफळं मोजा, सरासरी काढा, उंचीतल्या फरकाने गुणा आणि असे सगळे थर बेरीज करा.

मग गाळाचा हिशोब. नदी जलाशयात शिरली की वेग मंदावतो, जाड वाळू तोंडाशीच बसते आणि बारीक माती पार भिंतीपर्यंत जाते. बोटीतून सोनार यंत्राने (आवाजाच्या लहरींनी खोली मोजणाऱ्या) आजचा तळ मोजायचा, त्यातून शीटवरचा जुना तळ वजा करायचा, फरक म्हणजे गाळ. ऐकायला सोपं, पण इथेच लोक फसतात. ही शीट्स १:६२,५०० स्केलची, म्हणजे १ सेंटिमीटरला ६२५ मीटर, आणि दोन रेषांच्या उंचीत २० फुटांचा फरक. सर्वेयर प्लेन टेबल (जागेवरच नकाशा काढायचं तिपाईवरचं सपाट टेबल) लावून मोजके बिंदू मोजायचा आणि मधली रेषा समोरचा डोंगर बघून हाताने काढायचा, कौशल्य अफाट होतं पण मीटर-दोन मीटर गाळ त्या चुकीतच बुडून जातो. त्यात उंची मोजायचा शून्यही पुढे बदललाय, तो जुळवला नाही तर नसलेला गाळ दिसायला लागतो. म्हणून गाळासाठी धरण बांधताना केलेला मोठ्या स्केलचा सर्व्हे असेल तर तोच घ्यावा.