कूलर : बिघाड आणि दुरुस्ती

कूलर हे पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारे, घर थंड करण्याचे यंत्र आहे. महाराष्ट्रात त्याचे खरे घर विदर्भ. त्याखालोखाल खानदेश आणि मराठवाडा. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे मार्च उजाडला की माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, ताट्या (पाणी धरून ठेवणारे बाजूंचे जाड पडदे) बदलल्या जातात आणि मृगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत कूलर खिडकीतून हलत नाही. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) तो बंद पडला तर घरातल्या म्हाताऱ्यांच्या आणि तान्ह्या बाळांच्या जिवावर बेतू शकते. म्हणून त्याचे जुजबी बिघाड घरच्या माणसाला ओळखता आलेच पाहिजेत.

पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या खोक्याला तीन बाजूंनी ताट्या, चौथ्या बाजूला पंखा, तळाशी टाकी आणि टाकीत बुडालेला छोटा पंप, एवढाच सगळा सरंजाम. पंप पाणी वर चढवतो, ते भोकांच्या नळीतून ताट्यांवर झिरपते आणि पंखा बाहेरची गरम हवा या ओल्या ताट्यांतून आत ओढतो. ताट्या वाळ्याच्या, लाकडाच्या बारीक किसलेल्या धाग्यांच्या (यांना वूडवूल म्हणतात) किंवा अलीकडच्या हनीकोम्ब (मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांच्या) कागदाच्या असतात. वाळ्याचा वास सुखाचा. हनीकोम्ब टिकायला जास्त.

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते आणि ती हवेतूनच घेतली जाते. हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त. ओले फडके गुंडाळलेला तापमापक जो आकडा दाखवील, त्याच्या खाली कूलर हवा नेऊ शकत नाही. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हा आकडा २४ अंशांच्या आसपास येतो, आणि चांगला कूलर २८ ते ३० अंशांची हवा देतो. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला तो आकडाच २८ च्या वर असतो. त्यामुळे कोकणात कूलर घेऊन तो ‘खराब निघाला’ म्हणण्यात अर्थ नाही. विदर्भातही पाऊस सुरू झाला की पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. नाहीतर अंथरूणसुद्धा दमट होते.

‘कूलर थंड करत नाही’ ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. तिचे कारण पुष्कळदा कूलरमध्ये नसतेच. दारे-खिडक्या लावून घेतल्या की आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट राहत नाही आणि अर्ध्या तासात खोलीत घुसमट होते. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार वीतभर उघडे हवे. कूलर खोलीत आणून ठेवला तर तो तीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढतो; त्याची पाठ बाहेरच्या कोरड्या हवेत असली पाहिजे.

वाट मोकळी असूनही हवा गरम येत असेल तर ताट्या पाहाव्यात. प्लग काढून ताटीवर तळहात वरून खाली फिरवावा. ओल्या भागात एखादा उभा पट्टा कोरडा, खरखरीत लागतो. दिसायलाही तो फिकट असतो. त्या पट्ट्यातून गरम हवा सरळ आत येते. वरच्या नळीचे तिथले भोक क्षाराने किंवा वाळ्याच्या काडीने बुजलेले असते. दाभणाने ते मोकळे केले की काम झाले. सगळीच ताटी कोरडी असेल तर पंपाच्या जाळीत कचरा अडकला आहे का, टाकीत पाणी पुरेसे आहे का, हे बघावे. पाण्याबाहेर चालणारा पंप तापून जळतो.

बोअरचे जड पाणी हे कूलरचे जुने दुखणे. वाफ होते ती फक्त पाण्याची. क्षार टाकीत मागे राहतात, पाणी दिवसेंदिवस अधिक खारे होते आणि ताटीवर पांढरा थर धरतो. नुसते वरून पाणी ओतत राहू नये. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासावी. तेवढ्याने कुबट वासही जातो आणि डेंग्यूच्या डासांच्या अळ्यांचाही बंदोबस्त होतो, कारण अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

पंखा गुणगुणतो पण फिरत नाही, किंवा हाताने ढकलल्यावरच फिरतो, तेव्हा बहुधा कंडेन्सर गेलेला असतो (कपॅसिटरला मेकॅनिक हेच नाव वापरतात). तो स्वस्तात बदलून मिळतो. खडखड आवाज आला तर बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) झिजले असावेत. जळका वास आला तर वाइंडिंग (मोटरमधले तारेचे वेटोळे) जळले असावे. ते काम मेकॅनिककडेच द्यावे.

शॉक लागणे हा मात्र बिघाड म्हणून सोडून देण्याचा विषय नाही. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे जातात, त्यांत लहान मुलेही असतात. पत्र्याची बॉडी, सांडलेले पाणी, अनवाणी पाय आणि अर्थिंग नसलेला प्लग एकत्र आले की पंपाच्या वायरीची एक चीर पुरते. पाणी भरताना बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लगच काढावा. वायरिंग उलटसुलट असेल तर बटण बंद असूनही आत वीज राहते. थ्री-पिन प्लगची जाड पिन अर्थिंगची असते, ती कधीही तोडू नये. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज आपोआप तोडणारी कळ) बसवून घ्यावी, आणि ती वारंवार पडत असेल तर दांडी पुन्हा पुन्हा वर न करता कूलर बाजूला काढून तपासून घ्यावा. कूलरच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ‘थोडासाच करंट आहे’ म्हणून तो एक रात्रही चालवू नये.

हंगाम संपला की टाकी पुसून कोरडी करावी, वाळ्याच्या ताट्या काढून टाकाव्यात, पंप साध्या पाण्यात थोडा वेळ चालवून धुऊन घ्यावा आणि पत्र्याला गंज धरला असेल तिथे घासून रंगाचा हात मारून मगच कूलर माळ्यावर चढवावा.